दोन बोटांचे वीस टक्के

डिसेंबर २०२० च्या दुसऱ्या आठवड्यात लातूर जिल्ह्यातील एक तरुण आईला सोबत घेऊन माझ्या पिंपरीतील कार्यालयात आला, तेव्हा त्याच्या उजव्या हाताला मनगटापर्यंत बँडेज होते आणि डाव्या हातात दवाखान्याच्या कागदांनी भरलेली प्लास्टिकची पिशवी होती. बोलणे झाल्यावर मी वकीलपत्र पुढे केले. त्याने डाव्या हातात पेन घेतले, बोटांत दोनदा फिरवून पाहिले, कागदावर टेकवले आणि परत खाली ठेवले. शेवटी शाईच्या पॅडवर डावा अंगठा दाबून त्याने वकीलपत्र दिले. इतका वेळ गप्प असलेली त्याची आई तेव्हा म्हणाली, "ताई, बारावी पास आहे तो. अंगठेबहाद्दर नाही."

जखमी कामगारांच्या नुकसानभरपाईचे अर्ज चालवणे हेच माझे मुख्य काम आहे. त्या तरुणाचे प्रकरण २०२४ च्या मध्यावर निकाली निघाले आणि त्याच्या संमतीने, नाव, गाव व कारखाना गाळून, ते येथे लिहीत आहे. असे अपघात औद्योगिक पट्ट्यात नवे नाहीत आणि त्यांचा कायदाही शंभर वर्षांचा जुना आहे. पण भांडण नेमके कशावरून होते आणि जखमी माणसाचे पैसे कोणत्या कागदावर अडतात, हे कायद्याचे पुस्तक वाचून कळत नाही.

अपघात झाला तो भोसरीतील एका लहान शेडमध्ये. तीन पॉवर प्रेस, म्हणजे पत्रा दाबून त्याचे नग काढणारी मशीन, एक ग्राइंडर आणि मालक धरून सात माणसे. मोठ्या कारखान्याला माल देणाऱ्या मधल्या कारखान्याला ही शेड माल देत असे. लॉकडाऊनमध्ये गावी गेलेले दोन प्रेस ऑपरेटर परतले नव्हते आणि दिवाळीनंतर ऑर्डरी मात्र एकदम वाढल्या होत्या. हा मुलगा हेल्पर, म्हणजे माल आणून देणे, तयार नग क्रेटमध्ये भरणे आणि संध्याकाळी झाडलोट करणे ही त्याची कामे. मालकाने त्याला प्रेसवर बसवले. पत्र्याचा कापलेला तुकडा, ज्याला शॉपमध्ये ब्लँक म्हणतात, तो उचलायचा, डायवर, म्हणजे खालच्या साच्यावर, ठेवायचा, हात काढायचा, पायाने पेडल दाबायचे, नग बाहेर घ्यायचा आणि पुन्हा पुढचा ब्लँक उचलायचा, असे ते काम असते. दोन्ही हातांनी दोन बटणे एकदम दाबल्याशिवाय पंच, म्हणजे वरून दाब देणारा भाग, खाली येणार नाही अशी सोय प्रेसला करता येते, पण तशी सोय केली की नग कमी निघतात, म्हणून लहान शेडमध्ये सर्रास पेडलवर काम चालते. त्या दिवशी दुपारी तीनच्या सुमारास मशीनने डबल स्ट्रोक मारला, म्हणजे पेडल एकदा दाबले आणि पंच दोनदा खाली आला. उजव्या हाताची तर्जनी आणि मधले बोट मुळापासून गेले. अनामिका वाचली, पण ती वाकत नाही.

या बोटांची किंमत कायद्यात आधीच लिहून ठेवलेली आहे. १९२३ चा कामगार नुकसानभरपाई कायदा, ज्याचे नाव २०१० पासून कर्मचारी नुकसानभरपाई कायदा झाले, त्याच्या पहिल्या अनुसूचीत शरीराच्या अवयवांचा तक्ता आहे; कोणता अवयव गेला तर कमाईची क्षमता किती टक्के गेली असे धरायचे, ते त्यात दिलेले आहे. अंगठा ३० टक्के, तर्जनी १४, मधले बोट १२, अनामिका किंवा करंगळी ७. तर्जनीचे शेवटचे पेर गेले तर ९ आणि हाड न जाता नुसते टोक कापले गेले तर ५. एका हाताची चार बोटे गेली तर ५० टक्के, तीन गेली तर ३०, दोन गेली तर २०. येथे चौकस वाचक थांबेल, कारण तर्जनीचे १४ आणि मधल्या बोटाचे १२ मिळून २६ होतात, आणि तरीही तीच दोन बोटे एकत्र गेली की तक्ता २० म्हणतो. मी वकिली सुरू केली तेव्हा मला ही छपाईची चूक वाटली होती. ती चूक नाही, तक्ताच तसा आहे.

टक्का ठरला की उरतो तो हिशेब. मासिक वेतनाचे ६० टक्के घ्यायचे, त्याला वयानुसार चौथ्या अनुसूचीत दिलेल्या गुणकाने गुणायचे आणि येणाऱ्या रकमेतून अपंगत्वाच्या टक्क्याइतका भाग काढायचा. सव्विसाव्या वर्षाचा, म्हणजे या मुलाच्या वयाचा, गुणक २१५.२८ आहे, चाळिसाव्या वर्षाचा १८४.१७ आणि साठाव्याचा ११७.४१, तरुण माणसाची कमाईची वर्षे जास्त उरलेली असतात, म्हणून त्याचा गुणक मोठा. वेतन कितीही असले तरी हिशेबासाठी ते महिना १५,००० रुपयांपेक्षा अधिक धरले जात नाही. ही मर्यादा ३ जानेवारी २०२० पासूनची आहे. त्याआधी दहा वर्षे ती ८,००० होती आणि त्याआधी ४,०००. वाढीव मर्यादा मागच्या अपघातांना लागू होत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने २०२० मध्ये के. शिवरामन यांच्या प्रकरणात स्पष्ट केले आहे, त्यामुळे अपघाताची तारीख हा आमच्यासाठी हिशेबाचा पहिला आकडा असतो. हिशेब इतका सरळ आहे की असे दावे चालवणाऱ्या नुकसानभरपाई आयुक्तांपुढे अर्ज दाखल होण्याचीही वेळ येऊ नये, असे कोणालाही वाटेल. पण या गुणाकारातील एकही आकडा समोरची बाजू निमूटपणे मान्य करत नाही. वेतन, टक्का आणि मुळात अपघात कामावर झाला की नाही, या तिन्ही गोष्टी सिद्ध कराव्या लागतात आणि त्यांचे पुरावे, म्हणजे हजेरीपट, पगारपत्रक व दवाखान्याचे कागद, बहुतेक वेळा मालकाच्या कपाटात किंवा मालकाने निवडलेल्या दवाखान्यात असतात.

त्याहीआधी योग्य दार शोधावे लागते. दहा किंवा अधिक माणसे काम करत असतील आणि वेतन महिना २१,००० रुपयांपर्यंत असेल, तर कामगार राज्य विम्याच्या, म्हणजे सगळे ज्याला ईएसआय म्हणतात त्या योजनेच्या कक्षेत येतो. तेथे एकरकमी भरपाई नसते. उपचार होतात, बरे होईपर्यंत रोजच्या सरासरी वेतनाच्या ९० टक्के रक्कम मिळते आणि कायमचे अपंगत्व राहिले तर वैद्यकीय मंडळ ठरवेल त्या टक्क्यानुसार आजन्म पेन्शन मिळते. एकदा ईएसआय लागू झाला की १९२३ च्या कायद्याखाली भरपाई मागता येत नाही, ५३ व्या कलमाने ती वाट बंद केलेली आहे. म्हणून मालकाच्या वकिलाला कधी कधी अचानक ईएसआयचे प्रेम येते आणि आपल्या अशिलाकडे बारा माणसे कामाला होती, असे सांगणारी कैफियत तो दाखल करतो; एरवी हाच मालक वर्गणी वाचवण्यासाठी नऊ माणसे दाखवत असतो. उलट प्रकारही घडतो. अपघात झाल्यावर धावपळ करून कामगाराची ईएसआयमध्ये नोंदणी केली जाते आणि ही योजना चालवणारे महामंडळ त्या तारखेकडे बोट दाखवून हात झटकते. नोंदणी अपघातानंतर झाली एवढ्यावरून विम्याचे संरक्षण जात नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने सांगितलेले आहे, पण त्यासाठीही भांडावे लागते. चुकीच्या दारात दोन वर्षे घालवून माझ्याकडे आलेली माणसे मी पाहिली आहेत. १९२३ च्या कायद्याखाली अर्जाची मुदतही दोनच वर्षांची, आणि उशीर माफ करून घेण्यासाठी वेगळे कारण दाखवावे लागते. आमच्या शेडमध्ये माणसे सात होती आणि ती कधीच दहा झालेली नव्हती, हे मी आधी शेजारच्या शेडवाल्यांकडून पक्के करून घेतले. कधी दहा झाली असती, तर नंतर संख्या घटली तरी ईएसआय चालूच राहिला असता.

आता त्या पिशवीतील कागदांबद्दल. अपघात झाल्यावर मालक स्वतःच्या गाडीत घालून त्याला जवळच्या खाजगी रुग्णालयात घेऊन गेला, उपचाराचे पंचेचाळीस हजार रुपये त्याने भरले आणि हे मी अर्जात प्रामाणिकपणे लिहिले. पण रुग्णालयाच्या पहिल्या कागदावर जखमेचे कारण म्हणून "मोटरसायकलच्या चेनमध्ये हात अडकून" असे लिहिलेले होते. भूल उतरत असताना, हाताच्या ठणक्यात, मालकच सगळे सांगत होता आणि मुलगा ऐकत होता. आमच्या भागात हे नवीन नाही. कधी मोटरसायकलची चेन असते, कधी घराचा दरवाजा, कधी गावाकडचे कडबाकटर. पोलिसांना वर्दी जाऊ नये, मोठ्या कारखान्याकडून येणारी ऑर्डर थांबू नये आणि विमा कंपनीने पुढच्या वर्षीचा हप्ता वाढवू नये, अशी तीन कारणे मला वेगवेगळ्या मालकांनी खाजगीत सांगितली आहेत. जखमी माणसाच्या नातेवाइकांना माझे पहिले सांगणे म्हणूनच वकील शोधण्याचे नसते. दाखल करताना डॉक्टर काय लिहून घेत आहेत ते वाचा, आणि चुकीचे असेल तर त्याच रात्री दुरुस्त करून मागा, हे असते.

आम्हाला वाचवले ते दोन कागदांनी. रात्रपाळीच्या परिचारिकेने आपल्या नोंदीत, कोणी न सांगता, "प्रेस मशीन इंज्युरी" असे दोन शब्द लिहिले होते. बहुधा मुलाने तिला वेदनेच्या भरात खरे ते सांगितले असावे. दुसरा कागद शस्त्रक्रियेच्या टिपणाचा. दोन्ही बोटे एकाच रेषेत, एकाच पातळीवर तुटली असून हाडाच्या कडा चेपल्या आहेत, असे सर्जनने लिहिले होते. उलटतपासणीत मी त्यांना एवढेच विचारले की चेन आणि स्प्रॉकेटमध्ये बोटे सापडली तर जखम अशी होते का. त्यांनी टिपण परत वाचले, चष्मा काढला आणि म्हणाले की चेनमध्ये कातडी सोलून ओढली जाते, तशी ही जखम नाही. रुग्णालयातून कागदांच्या प्रमाणित प्रती मिळवण्यासाठी मला चार फेऱ्या आणि एक नोटीस लागली होती, त्या फेऱ्यांचे तेथे चीज झाले.

वेतनाचे भांडण तुलनेने लवकर मिटले. मुलगा महिना १४,००० रुपये रोख मिळत असे म्हणत होता, मालकाच्या कैफियतीत ९,००० होते. वेतनाची चिठ्ठी कधी दिलेलीच नव्हती. पण मालक ज्या दिवशी रोख नसेल त्या दिवशी फोनवरून उचल पाठवत असे, आणि मुलाच्या बँक खात्यातील त्या नोंदी महिन्यागणिक जोडल्यावर ९,००० चा आकडा टिकणे कठीण झाले. शिवाय एखादा मालक आयुक्तांपुढे येऊन मी किमान वेतनाहून कमी देत होतो असे म्हणतो, तेव्हा तो स्वतःच्याच दुसऱ्या गुन्ह्याची कबुली देत असतो, हे आयुक्तांच्या लक्षात आणून द्यावे लागते. चौदा हजार धरले तर पूर्ण अपंगत्वाची रक्कम १८,०८,३५२ रुपये होते आणि तिचे वीस टक्के ३,६१,६७० रुपये. नऊ हजार धरले असते तर हातात २,३२,५०२ आले असते.

चूक कोणाची, हा मुद्दाही मालकाच्या वकिलाने काढला: मशीन चालू असताना याने हात आत घातलाच का? या कायद्याचे मूळ वैशिष्ट्य असे की चूक कोणाची होती, हा प्रश्न तो विचारत नाही. काम करताना आणि कामामुळे इजा झाली की मालक देणे लागतो. कामगाराचा निष्काळजीपणा आड येत नाही. दारूच्या नशेत असणे, सुरक्षेचा स्पष्ट आदेश जाणूनबुजून मोडणे किंवा संरक्षक जाळी मुद्दाम काढून टाकणे एवढेच अपवाद आहेत, आणि मृत्यू किंवा कायमचे पूर्ण अपंगत्व आले असेल तर तेही चालत नाहीत. मी मालकाला विचारले की प्रेसला जाळी कोणत्या दिवशी बसवली होती. जाळी कधीच नव्हती, त्यामुळे ती काढून टाकण्याचा प्रश्नच उरला नाही.

"काम करताना" या शब्दांवरून मात्र अजूनही मोठे वाद होतात. धाराशिव जिल्ह्यातील एका साखर कारखान्याचा रखवालदार २२ एप्रिल २००३ रोजी पहाटे तीनच्या पाळीसाठी मोटरसायकलवरून निघाला आणि कारखान्यापासून पाच किलोमीटरवर अपघातात गेला. आयुक्तांनी कुटुंबाला ३,२६,१४० रुपये मंजूर केले, उच्च न्यायालयाने ते रद्द केले आणि सर्वोच्च न्यायालयाने २९ जुलै २०२५ रोजी आयुक्तांचा आदेश पुन्हा कायम केला. घर ते कामाची जागा या प्रवासाचा कामाच्या वेळेशी आणि ठिकाणाशी संबंध दिसत असेल तर तो अपघात कामावरचाच मानावा, असे आता ठरले आहे. बावीस वर्षांनी ठरले, हे खरे. पण त्या निकालाची प्रत हल्ली माझ्या टेबलावरच असते, कारण पहाटेच्या पाळ्या आमच्याकडेही आहेत आणि अंधारे सर्व्हिस रोडही आहेत.

खरी लढाई टक्क्याची होती. सरकारी रुग्णालयाच्या दाखल्यावर "उजव्या हाताचे कायम अपंगत्व ३४ टक्के" असे होते. मालकाने जिची पॉलिसी घेतली होती त्या विमा कंपनीच्या वकिलांचे म्हणणे असे की अनुसूचीत दोन बोटांचे २० टक्के लिहिलेले आहेत, अनामिका शाबूत आहे, विषय संपला. वरवर पाहता ते बरोबर दिसते. पण दाखल्यावरील टक्का शरीराचा असतो आणि कायदा विचारतो तो कमाईचा. या दोन टक्क्यांचा एकमेकांशी संबंध असला तरी ते एक नव्हेत. गायकाचे बोट गेले तर त्याची कमाई जात नाही, तबलजीची जाते. या मुद्द्यावर आमचा सर्वांत जुना आधार म्हणजे १९७६ साली प्रसिद्ध झालेला प्रताप नारायण सिंह देव खटल्याचा निकाल. चित्रपटगृहाच्या सजावटीचे काम करताना एक सुतार खाली पडला आणि त्याचा डावा हात कोपराच्या वरून काढावा लागला. अनुसूचीप्रमाणे ते आंशिक अपंगत्व होते. सर्वोच्च न्यायालयाच्या चार न्यायाधीशांनी म्हटले की सुतारकाम एका हाताने होत नाही, म्हणून या माणसाचे नुकसान शंभर टक्के. माझ्या मते या कायद्यावर इतके साधे आणि इतके उपयोगी वाक्य दुसरे लिहिले गेलेले नाही. तक्ता हा किमान पाया आहे, छत नव्हे, हे पटवण्यासाठी आम्ही आजही त्याच्याकडेच जातो. सगळीकडे ते मान्य होतेच असे नाही; अनुसूचीत टक्का दिलेला असेल तर त्यापुढे जाता येत नाही असे मानणारे आदेशही मी वाचले आहेत आणि एकदोन माझ्याच विरोधात गेलेले आहेत.

दाखला देणारे अस्थिरोगतज्ज्ञ साक्षीला आले तेव्हा मी भोसरीतून आणलेले पाच ब्लँक टेबलावर ठेवले. दीड मिलिमीटर जाडीचे, तळहातापेक्षा लहान, तेलाचा हात लागलेले पत्र्याचे तुकडे. आयुक्तांची परवानगी घेऊन मी मुलाला ते एक एक उचलायला सांगितले. त्याने अंगठा आणि करंगळी यांच्यात पहिला तुकडा पकडण्याचा प्रयत्न केला. न वाकणारी अनामिका मध्ये येत होती आणि तुकडा टेबलाच्या लाकडावरून पुढे सरकत होता. त्याने तो कडेपर्यंत ढकलत नेला, कडेवरून खाली झुकल्यावर पकडला, आणि उचलताच तो निसटून फरशीवर पडला. त्या आवाजाने शिपाईही आत डोकावला. दुसऱ्या तुकड्याच्या वेळी मुलाने न राहवून डावा हात पुढे केला आणि मग स्वतःच मागे घेतला. मी डॉक्टरांना विचारले की हा माणूस प्रेसवर काम करू शकेल का. ते म्हणाले, "नाही." हेल्पर म्हणून क्रेट उचलू शकेल का. "दोन्ही हातांची पकड लागते, कठीण आहे." मग दाखल्यावर ३४ टक्के कसे? "तो हाताचा टक्का आहे, मॅडम. कामाचा आम्हाला कोणी विचारलाच नव्हता."

विमा कंपनीच्या वकिलांनी उलट विचारले की हा माणूस रखवालदाराचे काम करू शकतो ना, आणि डॉक्टरांनी हो म्हटले. ते उत्तरही खरे होते. म्हणून शंभर टक्क्यांची माझी मागणी टिकली नाही, आणि मागे वळून पाहता ती टिकणारी नव्हतीच. आयुक्तांनी कमाईच्या क्षमतेचे नुकसान ५० टक्के धरले. रक्कम झाली ९,०४,१७६ रुपये, शिवाय १२ टक्के व्याज. भरपाई अपघाताच्या दिवशीच देय होते आणि महिन्याभरात दिली नाही तर व्याज सुरू होते. आयुक्तांचा आदेश होईपर्यंत व्याज नाही, असा युक्तिवाद विमा कंपन्या वर्षानुवर्षे करत आल्या आणि सर्वोच्च न्यायालयाने २०१२ मध्ये सिबी जॉर्ज यांच्या प्रकरणात तो पुन्हा एकदा मोडून काढला. साडेतीन वर्षांचे व्याज पावणेचार लाखांच्या थोडे वर गेले.

मालकाबद्दल येथे लिहिले नाही तर ते अन्यायाचे होईल. तो स्वतः पंधरा वर्षे प्रेस ऑपरेटर होता आणि त्याच्या डाव्या करंगळीचे टोक नाही. त्याने विमा पॉलिसी घेतलेली होती, तीही सहा माणसांची. बहुतेक शेडवाले तेवढेही करत नाहीत. पण पॉलिसीत मजुरी कमी दाखवलेली, अपघाताची सूचना विमा कंपनीला कळवलेली नाही आणि मुलाच्या नोटिशीला उत्तर म्हणून स्टॅम्पपेपर पाठवलेला: साठ हजार रुपये घेतले, यापुढे कोणतीही मागणी नाही. अशा कागदाला १७ व्या कलमाने काडीची किंमत नाही, कायद्याने दिलेला हक्क करार करून सोडता येत नाही आणि तडजोड झालीच तर तिची नोंदणी आयुक्तांकडे करावी लागते. मृत्यूच्या प्रकरणांत तर रक्कम आयुक्तांकडेच जमा करावी लागते, विधवेच्या हातात परस्पर दिलेले पैसे भरपाई म्हणून धरले जात नाहीत. तरीही तेराव्याला गावी जाऊन पाकीट देऊन सह्या घेणारे महाभाग असतात. त्या स्टॅम्पपेपरने मालकाचेच नुकसान केले. विनाकारण पैसे अडवले म्हणून आयुक्तांनी २५ टक्के शास्ती लावली, २,२६,०४४ रुपये. कायद्याने ती ५० टक्क्यांपर्यंत जाऊ शकते. भरपाई आणि व्याज विमा कंपनी देते, पण शास्ती मालकाच्या खिशातून जाते, हे १९९७ पासून ठरलेले आहे. निकालानंतर तो मला पायऱ्यांवर भेटला आणि म्हणाला, "मॅडम, पहिल्याच दिवशी खरं लिहिलं असतं तर माझं काहीच गेलं नसतं ना?" नसते गेले. मी तसे त्याला सांगितले.

कायदा म्हणतो की असा अर्ज तीन महिन्यांत निकाली काढावा. आम्हाला तीन वर्षे लागली. त्यात कोविडचे दिवस होते, आयुक्तांची बदली होती, विमा कंपनीचे वकील दोनदा बदलले आणि डॉक्टरांना साक्षीसाठी वेळ मिळेना. या काळात जखमी माणूस कसा जगतो, हा प्रश्न कायद्याला पडलेला होता असे म्हणावे लागेल, कारण उपचाराच्या काळात दर पंधरवड्याला वेतनाचा चौथा भाग द्यावा आणि भरपाईच्या आकड्याबद्दल वाद असेल तरी मान्य असलेली रक्कम तात्पुरती जमा करावी, अशी तरतूद त्यात आहे. चौदा हजारांच्या हिशेबाने पंधरवड्याला ३,५०० रुपये होतात. हे पैसे फारसे कोणी मागत नाही आणि मागितल्याशिवाय कोणी देत नाही. त्या पोकळीत दलाल शिरतात. रुग्णालयाच्या बाहेरच "तीस टक्के द्या, सगळे आम्ही बघतो" असे सांगणारी माणसे भेटतात आणि त्यांच्यामागे कधी कधी काळा कोटही असतो. मिळणाऱ्या रकमेत वाटा ठरवून फी घेण्यास वकिलांना मनाई आहे. ज्याने वाटा मागितला त्याला हे ऐकवायला हरकत नाही.

२१ नोव्हेंबर २०२५ पासून सामाजिक सुरक्षा संहिता लागू झाल्याने त्यानंतरच्या अपघातांसाठी कलमांचे क्रमांक बदलले आहेत. घर ते कामाची जागा हा प्रवास तिने शब्दांतच सामावून घेतला आहे. माझ्या कपाटातील बहुतेक अर्ज मात्र त्याआधीच्या तारखांचे असल्याने जुने पुस्तक अजून काही वर्षे हाताशी लागेल.

विमा कंपनीने अपील केले नाही. अपिलासाठी आधी सगळी रक्कम जमा करावी लागते आणि उच्च न्यायालयात फक्त कायद्याच्या महत्त्वाच्या प्रश्नावर दाद मागता येते, त्यामुळे त्यांनीही हिशेब केला असावा. रक्कम आयुक्तांकडे आली आणि ती मुलाच्या बँक खात्यात वळवायची ठरली, तेव्हा शाखेतून निरोप आला की खाते वापरात नसल्याने बंद पडले आहे, पुन्हा चालू करण्यासाठी सही लागेल. तो गेला, डाव्या हाताने सही केली, आणि नमुन्याच्या सहीशी ती जुळेना. २०१७ सालची ती सही उजव्या हाताची होती, आडनावाखाली लांब रेघ मारलेली. काउंटरवरील बाईंनी सहानुभूतीने सुचवले की अंगठा लावा, साक्षीदार आणा, आजच काम होईल.

त्याने मला बँकेतूनच फोन केला. मी म्हटले, लाव अंगठा, पैसे तर आधी हातात येऊ देत. तो म्हणाला, "नाही मॅडम, नवीन सहीचा अर्ज देतो. थोडे दिवस थांबतो." तीन आठवडे लागले. नमुन्याचे कार्ड भरायच्या दिवशी तो माझ्या कार्यालयात येऊन गेला; तारखांच्या जुन्या चिठ्ठ्यांच्या मागच्या कोऱ्या बाजूंवर डाव्या हाताने केलेल्या सह्या त्याने मला दाखवल्या, शंभरेक तरी असतील. शेवटच्या दहा-बारा सह्या एकसारख्या होत्या आणि आडनावाखालची रेघ त्यांत होती.